माळ बंद असताना

मी कृष्णाकाठची, सांगलीकडची. माझ्या माहेरी जनावरांपुढं वाडं पडायचं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि जनावरं त्यातलं निम्मं खाऊन निम्मं पायाखाली तुडवायची. लग्न होऊन मी साताऱ्याच्या पूर्वेला माणदेशात आले. पहिल्याच आठवड्यात अंगण झाडताना गवताच्या चार काड्या केराबरोबर सुपात भरल्या, तर सासरे दारातून म्हणाले, "सूनबाई, त्या काड्या माळाच्या हायत. गोठ्यात टाका." मी म्हटलं, "मग? चार तर हायत." नवी नवरी सासऱ्याला 'मग' म्हणते हे ऐकून माझ्या सासूबाई चुलीपुढून उठून बघायला आल्या. माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे. काड्या मात्र मी गोठ्यात टाकल्या.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायचे. नवरा पलटणीत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. घरात मामंजी, सासूबाई, मी आणि गोठ्यात खिल्लार बैलांची जोडी. जोडी घरच्याच गाईची. थोरला आणि धाकला म्हणायचे त्यांना, जशी पोरं असावीत. नवरा सुट्टीवर आला की मामंजी त्याला विचारायचे, "बैलं बघितलीस का?" पोरगा कसा आहे, हाडं राहिलीत का अंगावर, ते नंतर. मला राग यायचा. नवऱ्याला यायचा नाही, त्याला सवय होती.

गावाच्या वरच्या अंगाला माळ होता. गायरान. कागदावर सरकारचा, पण आज्या-पणज्यापासून गावानं राखलेला. नागपंचमी झाली की माळ बंद व्हायचा. बंद म्हणजे बंद. कडेच्या दगडांना चुना लावायचा आणि मग दिवाळीपर्यंत त्या दगडांच्या आत ना गाय, ना शेरडू, ना माणूस. गवताला वाढू द्यायचं, बी धरू द्यायचं, बी खाली पडू द्यायचं. पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी माळ सुटायचा. उजाडायला सगळं गाव विळे घेऊन वर जायचं आणि घराघराच्या वाटणीचं गवत कापून खाली आणायचं. परड्यात गंजी रचली की ती पुढच्या पावसापर्यंत. दुष्काळाच्या साली, मी यायच्या आधी, भोवतालची जनावरं छावणीला गेली. काही तिथंच राहिली. आमची जोडी दावणीला उभी राहिली ती मागल्या सालच्या गंजीवर.

ह्या माळाचे राखणदार मामंजी. पगार नाही, काही नाही. गावानं पानसुपारी दिली की झालं. पण बंद माळात जनावर घुसलं तर मग ते सरपंचाचं असो का देवाला सोडलेलं असो, मामंजी ते हाकत नेऊन कोंडवाड्यात घालायचे. एकदा तर सासूबाईंची शेळी घातली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मामंजी म्हणाले, "बरं झालं, घर शांत हाय." सासूबाईंनी तेवढ्यासाठी अबोला सोडला. मला त्या दोघांचं लय हसू यायचं. हसायचे मी तेव्हा.

तर भादव्यात एक जीप आली. गवत कमरेला लागलं होतं, मारवेल आणि पवन्या, वाऱ्यावर सगळा माळ एका बाजूला कलायचा. जीपमधून एक साहेब उतरले, बरोबर दोन माणसं. साहेब भला माणूस होता, हे मी आजही म्हणेन. चप्पल बाहेर काढून आमच्या ओसरीवर बसला, पाणी प्याला, सासूबाईंना 'मावशी' म्हणाला. आता आमच्याकडं रीत अशी, की दारात आलेल्याला आधी पाणी, मग भाकरी, आणि तो आपल्या तोंडानं सांगेल तेव्हा काम. "कशाला आलात?" हे विचारणं म्हणजे हाकलणं. म्हणून कुणी विचारलं नाही. सरपंचाला वाटलं, दुष्काळानंतर बांधबंदिस्तीची कामं निघतात, त्यातलं काही असेल. कुणी म्हणालं, गवताचं खातं असतं, चांगल्या कुरणाला बक्षीस देतं. बक्षिसाची आवई गावात फिरायला किती वेळ लागतो? मामंजींनी धुवट धोतर आणि नवा पटका काढला.

माळावर सगळे गेले, चुन्याच्या दगडांपर्यंत. पाण्याची कळशी घेऊन मीही गेले, म्हणून हे ऐकीव सांगत नाही. साहेबांनी लांबवर नजर फिरवली आणि विचारलं, "जनावरं दिसत नाहीत इथं?"

"छ्या! दिसत्याली कशी?" मामंजींची छाती पुढं आली. "एक शेरडू पाय टाकत न्हाई साहेब. कुणाची टाप हाय?"

"माणसांची ये-जा?"

"अजिबात न्हाई. विचारा की कुणालाबी."

साहेबांनी सरपंचाकडं बघितलं. सरपंच म्हणाला, "दादा म्हणत्यात ते खरं हाय." मागच्या दहा जणांनी माना डोलावल्या. गावाची शिस्त साहेबाला दिसतेय, ह्याचा सगळ्यांनाच आनंद झालेला.

"आणि हे गवत कुणी लावलंय?"

"लावायचं काय त्यात? आपसूक येतंय. आमी फकस्त हात लावत न्हाई."

साहेब बरं म्हणाले. माझ्या हातून पाणी घेतलं, "गार आहे हो," म्हणाले. मग खाली येऊन पिठलं-भाकरी खाल्ली आणि गेले. संध्याकाळी मामंजी बैलांना वैरण टाकताना गुणगुणत होते. गुणगुणणारे मामंजी मी त्याआधी बघितले नव्हते आणि नंतरही नाही.

पुढं दसऱ्याच्या सुमाराला मोजणीच्या साखळ्या घेऊन माणसं आली, लाल झेंड्या रोवल्या. मामंजींनी त्यांनाही गवतात शिरू दिलं नाही, कडेकडेनं फिरवलं. आणि मग तालुक्याहून माणूस येऊन दवंडी झाली. माळावर विजेचं मोठं केंद्र होणार. कोयनेकडून येणारी वीज मोठमोठ्या मनोऱ्यांवरून तिथं उतरणार आणि तिथून पुढं शहरांना, कारखान्यांना जाणार. गावानं त्याचं नाव लगेच 'पावरहौस' करून टाकलं.

गावात आनंदच झाला म्हणायचा. लाईट येणार, पोरांना नोकऱ्या लागणार, विहिरीवर मोटारी बसणार. आडावर एक बाई मला म्हणाली, "मोटार आली की बारमाही हिरवा चारा. गवत कशाला पायजे मग?" मी म्हटलं, "हिरीत पाणी न्हाई, मोटार काय वारा वडणार हाय?" ती म्हणाली, "तुमी कृष्णाकाठच्या, तुमाला दुसऱ्याचं बरं बघवत न्हाई." घ्या. मी घागर उचलली आणि घरी आले.

मामंजी एकच विचारत होते, ज्याला त्याला, "अन् गवत?" त्यांचं गणित सरळ होतं. माळ गेला तर गंजी नाही, गंजी नाही तर जोडी नाही. जोडी गेल्यावर आपण काय करायचं, ह्या प्रश्नापर्यंत ते जातच नव्हते.

सरपंच, मामंजी आणि चारपाच जण एसटीनं साताऱ्याला जाऊन आले. तिथं तेच साहेब भेटले. ओळखलं त्यांनी, चहा पाजला. सरपंचानं मग आमच्या ओसरीवर बसून सांगितलं, मामंजींच्या देखत. साहेब म्हणाले, आम्ही कुणाची शेती घेतलेली नाही, कुणाचं घर उठवलेलं नाही. ओसाड जागा बघूनच घेतली. तुमच्याच राखणदारानं सांगितलं ना, तिथं शेरडूसुद्धा पाय टाकत नाही? तुम्ही सगळे होता की तिथं.

सरपंच सांगून गेला. मामंजी गोठ्यात जाऊन बसले. सासूबाईंनी ताट वाढलं, झाकलं, सकाळी ते शेळीला घातलं. माझ्यासारखी बाई गप्प राहिली ह्यावरून काय ते समजा. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. डोकं बधिर होऊन गेलं होतं, हातपाय चालत होते. चूक म्हणावी तर कुणाची? मामंजी खोटं बोलले नव्हते. साहेबही नाही. माळ बंद होता, एवढंच कुणी म्हणालं नाही, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं कुणाला वाटलंच नाही. भादव्यात माळ बंद असतो, हे काय सांगायचं? चूल पेटलेली असते तेव्हा गरम असते, हे कुणी सांगतं का?

आता सोलरवाले हिंडतात माणदेशातल्या माळांवर. आमचा नातूच त्यातल्या एका कंपनीत आहे. परवा मोबाईलवर फोटो दाखवत होता, आज्जी बघ, शेकडो एकर पडीक जागा, ऊन फुकट, धूर नाही, आवाज नाही, कुणाचं काही नुकसान नाही. चांगलंच आहे की, मी कुठं वाईट म्हणते. मी त्याला विचारलं, "कुठल्या महिन्यात बघितली रं जागा?" तो म्हणाला, "म्हणजे?" मी म्हटलं, "तितनं मेंढरं कवा जात्यात? गवत कोण कापतं? पावसाचं पाणी कुणाच्या हिरीला येतंय? काचा धुवायला पाणी कुठलं घेणार? कुंपण घातल्यावर बाया सरपणाला कुठनं जाणार?" तो म्हणाला, "त्याचा रिपोर्ट असतो आज्जी." असेल बाबा. आमच्या वेळीही साहेब येऊन बघूनच गेले होते.

त्या साली पाडव्याच्या आधीच यंत्रं आली. लोणंदला रेल्वेनं उतरवलेलं सामान ट्रकांवरून रांगेनं आलं, त्यांना वाट करायला माळाची अलीकडची बाजू खरवडली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पलीकडचं कापून न्या लवकर. गावानं दोन दिवसांत मिळेल तेवढं कापलं, वाटणी नाही, काही नाही, ज्याच्या हाताला आलं ते त्याचं. आजवर कधी माळावर भांडण झालं नव्हतं, त्या दिवशी विळ्याला विळा लागला. मामंजी गेले नाहीत. मी आणि सासूबाई गेलो. बी अजून गवतातच होतं. ते घरी आलं, जमिनीत पडलंच नाही.

मग तारेचं कुंपण झालं. आत माती सपाट केली, वर मुरूम आणि खडी पसरली, गवत उगवू नये म्हणून. विजेच्या खांबांखाली गवत चालत नाही म्हणे, पेट घेतं. पुढच्या पावसात माळावर पाणी थांबेना. पूर्वी गवतातून झिरपत झिरपत यायचं, आता लोंढा यायचा, लालभडक, आणि ओढ्याकाठची आमची विहीर एका पावसाळ्यात गाळानं अर्धी भरली. मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या माळाच्या कडेनं पुढं जायचे, त्यांना वाट उरली नाही. ते शिवारातून गेले, ज्वारी तुडवली, काठ्या निघाल्या. वर्षानुवर्षं ज्यांची मेंढरं आमच्या रानात बसवून खत घ्यायचो, त्यांच्याशी वैर झालं.

आणि बायकांचं कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. सकाळी उजाडायच्या आत आम्ही सगळ्याजणी परसाकडला माळाच्या कडेला जायचो. आता तिथं मोठमोठे दिवे, दिवस असल्यासारखा उजेड, आणि परगावचे पहारेकरी. गावात लाईट यायला पुढं कैक वर्षं लागली, पण उजेडाचा त्रास आम्हाला पहिल्या दिवसापासून. लांब ओढ्यापलीकडं जावं लागायचं. गरोदर बायकासुद्धा. मीसुद्धा. ह्याला नुकसान म्हणत नाहीत कुठं.

त्याच साली, पावसाच्या आधीच, शिमग्याला गंजी संपली. बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. मी धीर करून म्हटलं, "आवं मामंजी, दोघांना माझ्या माहेरी धाडू. वाडं ढिगानं पडतंय तिथं. पाऊस लागला की आणू." ते म्हणाले, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणत्याली तुझ्या माहेरची. बैलं सुनेच्या बापाच्या दावणीला बांधू व्हय मी?" मी पुन्हा विषय काढला नाही.

नवरा सुट्टीवर आला. माळाकडं बघून म्हणाला, "देशाला वीज लागतीया. सरकारी हुकूम हाय, त्याला काय करणार?" मी म्हटलं, "तुमी हुकूम पाळा, बैलांना काय सांगू? हुकूम खावा म्हणू?" दुसऱ्या दिवशी तो ठेकेदाराच्या माणसाला भेटून हिंदीत काहीबाही बोलून आला. फौजी माणसाचा मान होता. मामंजींना पावरहौसवर दिवसपाळीचा पहारेकरी म्हणून घेतलं.

गाव म्हणालं, म्हातारा जाणार नाही. जाईल कसा, तोंड आहे का? मामंजी गेले. खाकी सदरा घालून, पटक्यावर. मला म्हणाले, "पगारात कडबा येतोय." बस्स. त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं. कुणी टोमणा मारला तरी ऐकू जात नव्हतं. पहिल्या पगाराचा कडबा आला तेव्हा त्यांनी पेंढी न पेंढी स्वतः उतरून घेतली, आणि दोघांच्या पुढं टाकून त्यांचं खाणं बघत उभे राहिले.

आमचं डोकं चाललं नाही ते इथं. सकाळपासून सांजेपर्यंत मामंजी पहाऱ्यावर. मग बैल हाकणार कोण? नवरा पलटणीत. नांगराला बाईनं हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. मी म्हटलं, "मी हाकते, बघू कोण अडवतंय." सासूबाईंनी माझे पाय धरायचे बाकी ठेवले, म्हणाल्या, पाऊस पडला नाही तर गाव आपल्याला जाळील. मृगाची पेरणी दुसऱ्याच्या औतानं करून घेतली. आमची जोडी दावणीला उभी. बसून खाणारा बैल बिघडतो. खूर वाढले, थोरला हडकायला लागला, धाकला दाव्याला हिसके मारायचा. मामंजी घरी यायचे तेव्हा अंधार पडलेला. ते अंधारात दोघांच्या अंगावर हात फिरवायचे. बैलांसाठी नोकरी धरली आणि नोकरीनं बैल निकामी केले, हे त्यांना कळलं होतं का? कळलं असणार. नोकरी सोडावी तर कडबा नाही.

शेवटी पौषातल्या यात्रेच्या बाजारात जोडी काढली. मामंजींना रजा मिळाली नाही. मला वाटतं, त्यांनी मागितली नाही. मी आणि चुलतदीर घेऊन गेलो. गिऱ्हाईक लगेच मिळालं, कृष्णाकाठचाच माणूस, उसाच्या गाडीला बैल हवे होते. दाव्यांची गाठ सोडताना मला रडू येईल म्हणून मी पदर तयार ठेवला होता. नाही आलं. घरी आल्यावर मामंजींनी विचारलं, "कुठं गेली?" मी म्हटलं, "माझ्या माहेराकडं." ते म्हणाले, "मग पाण्याला चांगली जागा हाय." मी उसाच्या गाड्या ओढणारे बैल लहानपणापासून बघत आले होते. मी म्हटलं, "व्हय, पाण्याला चांगली हाय."

पुढच्या हंगामात भावाच्या लग्नाला माहेरी गेले. सांगलीच्या अलीकडं एसटी थांबली, पुढं कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग. मी खिडकीतून बघत होते, आणि धाकला दिसला. वशिंड सोललं होतं, पण तोच, कपाळावरून ओळखला. त्याच्या जोडीला थोरला नव्हता. दुसराच कुठला तरी काळपट बैल होता. एसटी सुटली.

लग्नाहून परतले त्या सकाळी मामंजी पहाऱ्यावर निघायच्या तयारीत होते. खाकी सदऱ्याची बटनं लावत होते. मी आल्याआल्या सांगून टाकलं, मला पोटात ठेवता येत नाही. "मामंजी, धाकला दिसला. एकटाच. जोडीला दुसरा हाय."

ते थोरल्याचं काही बोलले नाहीत. त्यांचा हात बटनावर थांबला. म्हणाले, "कुठल्या अंगाला जुपला व्हता?"

मी डोळे मिटून आठवलं. "उजव्या."

"उजव्या?" ते तिथंच उंबऱ्यावर बसले. "आगं, त्यो डावीकडचा. पयल्या दिसापासनं डावीकडंच चाललाय त्यो. उजवीकडं कसं वडायचं, त्याला ठावंच न्हाई. मारत्याली त्याला. त्याला वाटल, आपलंच काय तरी चुकतंय."

मग त्यांना रडू फुटलं. लहान पोरासारखं, आवाज करून. सासूबाई आतून आल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले, आणि तेव्हा कुठं मलाही रडू आलं.

त्या दिवशी मामंजी पहाऱ्यावर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले.